रात्रीतून कालवड गेली: फऱ्या, घटसर्प की फाशी? (आणि सुई टोचण्याआधी काय करायचं?)

दावण | सोमवार, सकाळी ६:५०

घाईत लिहितोय, सांभाळून घ्या. १४ महिन्यांची कालवड, गोठ्यातली सगळ्यात अंगानं भरलेली. काल संध्याकाळी मागचा उजवा पाय टेकत नव्हती. वाटलं दाव्यात अडकून मुरगळला असेल. वैरणीला तोंड लावलं नाही. रात्री अकराला पाहिलं तेव्हा मान खाली घालून उभी होती. पहाटे चारला बघतो तर मेलेली. आता पोट टम्म फुगलंय, पाय ताठ झालेत, उजवी मांडी डावीच्या दीडपट दिसते. नाकाशी थोडा लालसर फेस आहे.

एक जण म्हणतो फऱ्या. दुसरा म्हणतो घटसर्प. तिसरा म्हणतो फाशी आहे, हातसुद्धा लावू नकोस. आणि चौथा सुरी घेऊन उभा आहे, "पोट फाडू, लगेच कळेल". डॉक्टर यायला दोन तास आहेत. गोठ्यात आणखी ६ जनावरं आहेत. तोवर काय करू?

टोचणीवाला | सोमवार, सकाळी ६:५८

आधी ती सुरी घरात ठेवायला सांगा. बाकीचं नंतर.

अचानक मेलेलं जनावर फाशीनं (अँथ्रॅक्सनं) मेलं नाही असं कळेपर्यंत फाडायचं नाही. कातडं सोलायचं नाही, ओढत न्यायचं नाही. फाशीचे जंतू जिवंत जनावराच्या रक्तात साध्या रूपात असतात. मेल्यावर शरीर बंद राहिलं तर कुजवणारे बाकीचे जंतू त्यांना दोन-चार दिवसांत संपवतात. पोट फाडलं की त्यांना हवा मिळते आणि ते बीजाणू धरतात, म्हणजे टणक कवचात झोपून राहतात. मग ती जागा कित्येक वर्षं गेली. स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर १९४२ मध्ये या जंतूंच्या चाचण्या झाल्या होत्या. ते बेट १९८६ मध्ये फॉर्मल्डिहाइडनं धुऊन काढावं लागलं आणि १९९० मध्ये सुरक्षित जाहीर झालं. एवढा चिवट प्रकार आहे हा.

आता माझ्या प्रश्नांची उत्तरं द्या:
गुदद्वारातून, नाकातून काळपट, न गोठणारं रक्त येतंय का?
गळा सुजलाय का?
मांडीवर हातमोजा घालून दाबा. आवाज येतो का?
बाकी सहा जनावरांचा ताप किती? थर्मामीटर नसेल तर आजच आणा. ते गोठ्यात हवंच.

दावण | सोमवार, सकाळी ७:२०

सुरी गेली. माणूस थोडा रागावलाय, असो.

रक्त असं नाही, फक्त फेस. गळा नेहमीसारखाच. मांडी दाबली तर आत चुरचुर वाजतं, वाळलेल्या पाचोळ्यावर पाय पडावा तसं. मधला भाग थंड लागतो, कडेनं कोमट.

ताप: पाच जनावरं १०१ ते १०२ फॅरनहाइट. एक गोऱ्हा, १० महिन्यांचा, १०५.४. चालतो नीट, पण रवंथ करत नाही.

टोचणीवाला | सोमवार, सकाळी ७:२६

पाय ताठ झालेत आणि भोकांतून रक्त नाही, म्हणजे फाशीची शक्यता बरीच कमी. फाशीत सहसा ताठरपणा अर्धवट येतो आणि रक्त गोठत नाही. पण यावर पैज लावू नका, काचपट्टीवर रक्ताची तपासणी झालीच पाहिजे.

चुरचुर म्हणजे स्नायूत वायू. जनावर मेलेलं दिसून तीन-साडेतीन तासच झालेत, त्यामुळे हा कुजण्याचा वायू नसावा. दुपारी दाबून पाहिलं असतंत तर मी त्या आवाजाला काडीचीही किंमत दिली नसती. अंगानं भरलेली, सहा महिने ते दोन वर्षं वयाची, मागच्या फऱ्यावर सूज, एका रात्रीत खलास: हे फऱ्याचं चित्र आहे.

तुमचा मुरगळल्याचा अंदाज अगदीच वाया गेला असंही नाही. या रोगाचे बीजाणू चरताना पोटात जातात आणि रक्तावाटे स्नायूंत जाऊन गप्प बसून राहतात. कुठे मार लागला, मुका मार बसला, की त्या जागी प्राणवायू कमी होतो. या जंतूला तेच हवं असतं. पाय दुखावला म्हणून जंतू जागा झाला की जंतू जागा झाला म्हणून लंगडली, हे आता कुणी सांगू शकणार नाही.

घटसर्पात गळा सुजतो, घशात घुरघुर येते, लाळ गळते, ताप १०६-१०७ पर्यंत जातो. गाईपेक्षा म्हशीला तो जास्त झोंबतो. तुमच्याकडे यातलं काही दिसत नाही.

गोऱ्ह्याला आत्ताच वेगळा बांधा. त्याला औषध लागेल, पण डॉक्टर आल्यावर आधी रक्ताचा नमुना आणि लगेच पेनिसिलिन.

रामबाण | सोमवार, सकाळी ८:०५

एवढा काथ्याकूट कशाला? मी २२ वर्षं जनावरं सांभाळतोय. एक मेलं की बाकी सगळ्यांना लाँग अॅक्टिंग ऑक्सिटेट्रासायक्लिन. विषय संपला. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत गोठा रिकामा होतो.

काचपट्टी | सोमवार, सकाळी ८:३१

रामबाणराव, अहवाल उशिरा येतो ही तक्रार मान्य. मी त्याच प्रयोगशाळेत बसते, मलाही ती रोज ऐकू येते. पण सगळ्यांना सुई देऊन मग नमुना पाठवला तर माझ्या जंतू वाढवायच्या ताटलीवर काहीच उगवत नाही. मी लिहिते "जंतू आढळले नाहीत", आणि तुम्ही म्हणता "बघा, लॅबला काही कळत नाही".

दावण, डॉक्टर आले की त्यांना कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब घ्यायला सांगा. काचेवर पातळ पसरायचा आणि अल्कोहोलमध्ये घट्ट करायचा. नुसतं ज्योतीवर फिरवून बीजाणू मरत नाहीत. टोचलेल्या जागी जंतुनाशकात भिजवलेला कापूस दाबून ठेवायचा. रक्त जमिनीवर सांडता कामा नये.

ती काच जुन्या, मुरलेल्या मिथिलीन ब्लू रंगात बुडवली की फाशीचे जंतू निळे, चौकोनी टोकांचे, आगगाडीच्या डब्यांसारखे ओळीत दिसतात आणि भोवती गुलाबी आवरण असतं. एकदा पाहिलं की विसरत नाही. मृत्यूला एक-दोन दिवस झाले की ते आवरण विरून जातं आणि मग छातीठोकपणे काहीच सांगता येत नाही. म्हणून घाई. डुक्कर आणि घोड्यात रक्तातले जंतू कमी असतात, तिथे सुजेतलं पाणी जास्त उपयोगाचं. (हे तुमच्यासाठी नाही, पुढे कुणी धागा शोधत आलं तर.)

दुसरा नमुना मांडीतून, न कापता, जाड सुईनं ओढलेला लालसर द्रव. सिरिंजमध्ये हवा ठेवायची नाही, कारण फऱ्याच्या जंतूला हवा चालत नाही.

आणि हात जोडून विनंती: जंतू वाढवायचा नमुना फॉर्मेलिनमध्ये टाकू नका. महिन्याला एक तरी येतो असा. फॉर्मेलिन पेशींची रचना बघण्यासाठी असतं, त्यात जंतू मरतात.

टोचणीवाला | सोमवार, सकाळी ८:४४

रामबाण, तुमच्या पद्धतीत आणखी एक खोट आहे. समजा फाशी निघाली. तिची लस म्हणजे जिवंत बीजाणू, मॅक्स स्टर्ननं १९३० च्या दशकात शोधलेल्या आवरण नसलेल्या वाणाचे. अंगात प्रतिजैविक असताना ती टोचली तर औषध लसच मारून टाकतं. तुम्हाला वाटतं कळप सुरक्षित झाला, आणि महिन्याभरानं पुढचं जनावर पडतं.

पण तुमच्या एका मुद्द्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. १०५ ताप असलेलं जनावर अहवालाच्या भरवशावर ताटकळत ठेवायचं नाही. नमुना घ्यायला पाच मिनिटं लागतात. नमुना घ्या आणि त्याच मिनिटाला सुई द्या. अहवाल पुढच्या जनावरासाठी आणि लस ठरवण्यासाठी असतो.

दावण | सोमवार, संध्याकाळी ६:१५

अपडेट. डॉक्टर येऊन गेले. कानाच्या रक्ताची काच दुपारीच तपासून झाली, फाशी नाही. मांडीतल्या द्रवात ग्रॅम पॉझिटिव्ह काड्या (ग्रॅमच्या रंगात जांभळे दिसणारे काडीसारखे जंतू) दिसल्या, एकएकट्या किंवा दोन-दोन, काहींना टोकाजवळ फुगीर बीजाणू. हवेविना वाढवायला लावल्यात.

गोऱ्ह्याला पेनिसिलिन सुरू. बाकी पाचांना फऱ्याची लस टोचली, रोज सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा. कालवड खोल पुरली, पाण्यापासून लांब, वर काटे टाकून कुंपण केलं. ज्या तुकड्यात ती चरत होती तिथे आता कुणाला सोडत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं लस अंगी लागायला १० ते १४ दिवस जातील. म्हणजे तोपर्यंत रामभरोसे?

टोचणीवाला | सोमवार, संध्याकाळी ६:४०

रामभरोसे नाही, थर्मामीटरभरोसे. ताप चढला की त्याच तासाला पेनिसिलिन. मांडी सुजल्यावर औषध देऊन क्वचितच जनावर वाचतं, कारण मेलेल्या स्नायूत रक्त पोचत नाही आणि रक्ताबरोबर औषधही नाही. फऱ्याची लस मेलेल्या जंतूंची असते, त्यामुळे तिच्या जोडीला पेनिसिलिन दिलं तरी लस वाया जात नाही. वर फाशीबद्दल लिहिलं त्याच्या हे उलट आहे, गोंधळ करू नका.

काचपट्टी | सोमवार, रात्री ९:०२

काड्या दिसल्या म्हणजे फऱ्या पक्का असं मी आज लिहून देणार नाही. क्लॉस्ट्रिडियम शोव्हाय हा फऱ्याचा जंतू. त्याचा एक चुलत भाऊ आहे, क्लॉस्ट्रिडियम सेप्टिकम. जनावर मेलं की तो आतड्यातून निघून काही तासांत सगळ्या शरीरात पसरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ तसाच दिसतो. म्हणून नमुना किती वेळात घेतला हे फॉर्मवर लिहायचं असतं. तो रकाना बहुतेक वेळा रिकामा येतो.

जुनं_पान | सोमवार, रात्री १०:२०

अवांतर, पण राहवत नाही. पुरण्यावरून आठवलं. फाशीनं मेलेली मेंढरं पुरलेल्या शेतात पुढच्या वर्षी चरणारी मेंढरं का मरतात, हे कोडं पाश्चरनं १८८० मध्ये हाताळलं होतं. त्यानं बोट दाखवलं गांडुळांकडे: तीच खालचे बीजाणू मातीबरोबर वर आणतात. पुढच्या वर्षी, ५ मे १८८१ ला, त्यानं फ्रान्समधल्या पुयी-ल-फोर इथे सगळ्यांसमोर २४ मेंढरांना लस टोचायला सुरुवात केली. महिनाअखेरीला लस दिलेल्या आणि न दिलेल्या अशा दोन्ही कळपांना जिवंत जंतू टोचले. २ जूनला लोक बघायला जमले तेव्हा लस दिलेली मेंढरं उभी होती, बाकीची मेलेली किंवा मरणाच्या दारात.

त्याच्या पाच वर्षं आधी, १८७६ मध्ये, जर्मन डॉक्टर कॉखनं याच जंतूचं जीवनचक्र उलगडून दाखवलं होतं. अमुक जंतूमुळे अमुक रोग होतो हे पहिल्यांदा पक्कं सिद्ध झालं ते याच ढोरांच्या रोगात.

तिसरी_धार | मंगळवार, सकाळी ५:४५

दावणदादा, कालवडीचं वाचून वाईट वाटलं. धागा भरकटवत नाही, पण "नमुना आधी" वरून माझं दुखणं सांगते.

माझ्या एका गाईला तिसऱ्यांदा कासदाह. तोच मागचा डावा सड. दरवेळी सडात औषधाची ट्यूब सोडते, चार दिवसांत गुठळ्या जातात, दूध चांगलं दिसतं, महिन्या-दीड महिन्यानं परत तेच. या वेळी चार कप्प्यांच्या पात्रात चारही सडांचं दूध घेऊन तेवढंच तपासणीचं द्रावण टाकून फिरवलं. त्या सडाचं तर शेंबडासारखं झालंच, पण पुढचा उजवा जो मी निरोगी समजत होते, त्याचंही घट्ट झालं! डोळ्यांना त्या दुधात काहीच दिसत नव्हतं.

काचपट्टी | मंगळवार, सकाळी ७:१०

तिसरी_धारताई, डोळ्यांना दिसतो तो थोडाच, बाकी कासदाह लपलेला असतो. निरोगी सडाच्या दुधात पेशी साधारण २ लाख प्रति मिली याच्या आत असतात. त्यावर गेल्या की कुठेतरी पाणी मुरतंय. द्रावणानं त्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातल्या डीएनएमुळे दूध चिकट होतं. एवढंच गणित आहे त्या चाचणीचं, १९५७ पासून चालत आलंय.

पुढची ट्यूब सोडण्याआधी दूध पाठवा. सडाचं टोक ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसा, बोळा काळा निघायचा थांबेपर्यंत. पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्या. बाटली आडवी धरा, सरळ धरली की कासेवरची माती-केस आत पडतात. झाकण हातात धरायचं तर तोंड खाली करून. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. घाणेरड्या नमुन्यात तीन-चार प्रकारचे जंतू उगवतात आणि खरा चोर कोण हे मला सांगता येत नाही.

परत परत तोच सड म्हणजे माझा पहिला संशय स्टॅफिलोकॉकस ऑरियसवर. तो कासेत गाठी करून आत लपतो, पेशींच्या आतही शिरतो, औषध तिथे पोचत नाही. शिवाय दुधात तो रोज उतरत नाही, म्हणून एक नमुना कोरा आला तरी दोन-तीनदा पाठवा. काहीच उगवलं नाही म्हणजे निरोगी असंही नाही. मायकोप्लाझ्मा साध्या ताटलीवर येत नाही, आणि त्याला पेशीभित्तिकाच नसल्यानं पेनिसिलिन त्याचं काही करू शकत नाही.

टोचणीवाला | मंगळवार, सकाळी ७:३५

पूर्ण सहमत. वर थोडी भर.

स्टॅफ निघाला तर तो एका गाईकडून दुसरीकडे जातो तो धार काढणाऱ्याच्या हातानं, एकाच फडक्यानं, यंत्राच्या कपांनी. त्या गाईची धार सगळ्यात शेवटी काढा. प्रत्येक गाईला वेगळं फडकं. धार झाल्यावर चारही सड आयोडीनमध्ये बुडवा. फवारा नको, बुडवाच; फवाऱ्यात सडाची मागची बाजू कोरडी राहते. आणि धार काढल्यावर तिला लगेच बसू देऊ नका. सडाचं तोंड अर्धा-एक तास उघडं असतं. ताजी वैरण समोर टाका, ती उभी राहून खाईल. याहून स्वस्त औषध मला माहीत नाही.

एरवी ई. कोलाय, क्लेबसिएला असले जंतू शेणातून, ओल्या बिछायतीतून, लाकडाच्या भुश्यातून येतात. तिथे फडकं बदलून काय उपयोग, बसायची जागा बदलायला हवी. म्हणूनच जंतूचं नाव कळायला हवं. औषधासाठी तर हवंच, पण झाडू कुठे मारायचा ते कळायलाही हवं.

जुनी, दोन-तीन वेतं स्टॅफ बाळगलेली गाय असेल तर बरी होण्याची आशा कमी. भाकड काळात लांब टिकणारी ट्यूब हा एक प्रयत्न, नाहीतर तिला काढून टाकणं. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही.

रामबाण | मंगळवार, सकाळी ९:१५

आता गायी पण काढून टाका म्हणे. माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी नवं, सगळ्यात भारी इंजेक्शन दिलं की चालायचं. आता तेही लागत नाही. कंपन्या पाणी भरतात.

काचपट्टी | मंगळवार, सकाळी ९:४०

पाणी नाही हो. तुमच्या गोठ्यातले जंतू शिकलेत. सेन्सिटिव्हिटीच्या ताटलीवर औषधांच्या छोट्या गोल चकत्या ठेवतात, रात्रभर उबवतात. ज्या औषधाला जंतू घाबरतो त्याच्याभोवती स्वच्छ गोल पडतो, आणि तो पट्टीनं मोजतात. एकाच गोठ्यातून वर्षानुवर्षं नमुने येतात तिथे ते गोल आकसत गेलेले मी पाहिलेत. सगळ्यात भारी औषध सुरुवातीलाच वापरलं की पुढे हातात काय उरणार? आणि औषध चालू असताना व त्यानंतर ठरलेले दिवस ते दूध पिण्यात जाता कामा नये, लेबलवर लिहिलेलं असतं.

शेरडी | मंगळवार, दुपारी १:३०

शेळ्यांचं कुणीच विचारत नाही :) माझी दोन करडं आठवड्याभरात गेली, तीही सगळ्यात गुबगुबीत. आदल्या दिवशी धान्याच्या पोत्यात तोंड घालून भरपूर खाल्लं होतं. मान मागे टाकली, पाय झाडले, संपलं. आंत्रविषार म्हणाले. आतड्याच्या नमुन्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स आला, मग हेच ना?

टोचणीवाला | मंगळवार, दुपारी २:१०

शेरडीताई, लक्षणं आणि पोत्याची गोष्ट पाहता बहुधा तेच. पण नुसता जंतू सापडला यावर शिक्का मारू नका. तो धडधाकट करडाच्या आतड्यातही असतो. एकदम खूप पिठूळ खाणं आतड्यात उतरलं की तो बेसुमार वाढतो आणि विष सोडतो. पुरावा म्हणजे ते विष, आतड्यातल्या द्रवात एलायझानं (रंग बदलून दाखवणारी प्रयोगशाळेतली चाचणी) शोधलेलं. द्रव ताजा आणि थंड हवा. कोकरांत मूत्राशयातल्या लघवीत साखर सापडणं हीसुद्धा चांगली खूण, साध्या पट्टीनं दिसते.

लस आहे. पहिल्यांदा दोन टोचण्या, मध्ये तीन-चार आठवडे. शेळीत तिचा असर मेंढीइतका टिकत नाही, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा. आणि पोतं उंचावर.

वासरमाया | मंगळवार, रात्री ८:५०

दोन महिन्यांत दोन गायी गाभडल्या, दोन्ही सातव्या-आठव्या महिन्यात. दोघींची वार अडकली. काल दुसरीची वार मीच हातानं ओढून काढली. मोजे नव्हते. आता हा धागा वाचून धास्ती वाटतेय.

टोचणीवाला | मंगळवार, रात्री ९:०५

धास्ती वाटायलाच हवी. स्वतःच्या डॉक्टरांकडे उद्याच जा आणि "गाभडलेल्या गाईची वार उघड्या हातानं काढली" हे शब्द जसेच्या तसे सांगा. नाहीतर पुढे ताप आला की भलत्याच चाचण्या होत राहतील.

मी यातून गेलोय म्हणून सांगतो. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी असंच उघड्या हातानं केलं. तीनेक आठवड्यांनी रोज संध्याकाळी ताप, रात्री कपडे पिळून काढावेत इतका घाम, सकाळी ठीक. कंबर धरलेली. दोन महिने वेगवेगळी औषधं खाल्ली, ब्रुसेला (गाई गाभडवणारा जंतू) हे नाव कुणी घेतलं नाही, मी स्वतः पशुवैद्य असूनही! शेवटी रक्त तपासलं. सहा आठवडे डॉक्सिसायक्लिन आणि रिफाम्पिसिन. कंबर अजून कधीमधी बोलते.

गायींचं: दोघींना वेगळं बांधा. गर्भ, वार, खालची बिछायत खोल पुरा किंवा जाळा, कुत्र्यांना मिळू देऊ नका. दूध उकळल्याशिवाय कुणीही पिऊ नका. पूर्ण गोठ्याचं रक्त तपासा. आणि दुसऱ्याचा वळू आणत असाल तर तोही.

काचपट्टी | मंगळवार, रात्री ९:३०

नमुन्यावर मोठ्या अक्षरांत "ब्रुसेलाचा संशय" लिहा, ही माझी स्वार्थी विनंती. प्रयोगशाळेतल्या माणसांना लागण होणाऱ्या रोगांत हा अगदी वरच्या नंबरात आहे.

पहिली चाचणी रोज बेंगॉलची: सीरमचा एक थेंब, गुलाबी अँटिजेनचा तेवढाच थेंब, चार मिनिटं हलवत राहायचं. दाणे धरले तर पॉझिटिव्ह. ही चाळणी आहे, निकाल नव्हे. एस-१९ ही ब्रुसेलाची लस टोचलेली गायही दाणे धरू शकते, आणि येर्सिनियाचा एक प्रकार अंगात असेल तरीही. म्हणून वर एलायझासारखी दुसरी चाचणी. ही लस कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयातच टोचतात त्याचं एक कारण हेच: मोठी होईपर्यंत रक्तातलं प्रतिपिंडांचं प्रमाण उतरतं आणि चाचणी गोंधळत नाही. गोऱ्ह्यांना ती देत नाहीत. लस जिवंत असते, टोचताना सुई स्वतःला लागली तर लगेच डॉक्टरकडे. आणि लस आरबी-५१ (ब्रुसेलाचीच दुसरी) असेल तर तेही सांगायचं. तिच्यातला जंतू रिफाम्पिसिनला जुमानत नाही.

बोका_बहादूर | बुधवार, सकाळी १०:००

गोठा नाही, एक कुत्रा आहे. उलट्या, डोळे पिवळे, लघवी चहासारखी. लेप्टोचा (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या रोगाचा) संशय, चाचणी निगेटिव्ह. घरामागे उंदीर भरपूर. मग नाही ना?

काचपट्टी | बुधवार, सकाळी १०:२५

कितव्या दिवशी रक्त घेतलं? पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडं तयारच झालेली नसतात. तेव्हा रक्ताची पीसीआर, तीही औषध सुरू करण्याआधी, नंतर लघवीची. प्रतिपिंडांची चाचणी दोन-तीन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा करायची, चौपट वाढ दिसली तर खरं. उपचार मात्र निकालासाठी थांबवायचे नाहीत. त्याची लघवी मोज्यांशिवाय साफ करू नका, माणसाला लागते.

दावण | १२ दिवसांनी, शनिवार

धागा वर काढतोय. गोऱ्हा वाचला. ताप तिसऱ्या दिवशी उतरला, आता दाव्याला हिसके देतोय. बाकी पाचांना ताप चढला नाही. अहवाल आला: शोव्हाय, पक्का.

एक कबुली. मागच्या पावसाआधी लसीचा दिवस मीच चुकवला होता. आणि त्याआधीच्या वर्षीची बाटली मी फ्रीजरमध्ये ठेवली होती, जास्त थंड म्हणजे जास्त टिकेल असं वाटून. डॉक्टर म्हणाले गोठली की ती लस संपली, २ ते ८ अंश म्हणजे २ ते ८ अंश. म्हणजे कालवडीला एकदाही धड लस मिळाली नव्हती.

दुसरं, थर्मामीटर लावायची सवय लागल्यानं काल एका गाईचा एक सड गरम आहे ते धार काढायच्या आधीच लक्षात आलं. दूध बाटलीत घेतलं, आडवी धरून, ताईंनी सांगितलं तसं. ट्यूब अजून सोडलेली नाही. उद्या पाठवतो.

रामबाण | शनिवार, रात्री ९:१०

गोऱ्हा वाचला हे बरं झालं. ती चकत्यांची तपासणी करायला दूध किती लागतं?

काचपट्टी | शनिवार, रात्री ९:१८

रामबाणराव, ५ ते १० मिली पुष्कळ झालं. प्रत्येक सडाची वेगळी बाटली.

दावण, तुमच्या मागच्या बाटलीवरचं नाव बर्फाच्या पाण्यात पुसलं गेलं होतं, मी अंदाजानं ओळखली. या वेळी कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहा आणि वरून चिकटपट्टी लावा.